न लिहिलेला खर्च

पर्युषण पर्व जवळ आले की घरोघरी आवराआवर सुरू होते. मागील वर्षी आमचा माळा काढला, तेव्हा जवळजवळ एकाच मापाचे सतरा स्टीलचे डबे निघाले. सगळे निरनिराळ्या तपश्चर्यांच्या प्रभावनेत मिळालेले. त्यांपैकी अकरांवरचे कागदही निघाले नव्हते.

बँकेत असताना कर्जदारांच्या गोदामांची तपासणी हे माझे नित्याचे काम होते. साखरेचे एक पोते कमी भरले, तरी आपले व्यापारी रात्र रात्र वह्या चाळीत. त्याच घरांतून पंगत उठल्यावर पातेलेभर भात टाकला जाई, आणि त्याची नोंद मात्र कोणत्याच खात्यावर पडत नसे.

वस्तुतः साठ्याचे इतके काटेकोर नियम जैन स्वयंपाकघराबाहेर क्वचितच आढळतील. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची कालमर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची आहे. श्वेतांबर परंपरेत मिठाईसाठी ती याच क्रमाने १५, २० आणि ३० दिवसांची. रात्र उलटलेले ओलसर अन्न तर अभक्ष्यच. म्हणून कालच्या पोळीचा आज कुस्करा करणे, ही इतरांची काटकसर आपल्या उपयोगाची नाही. आपल्याला काटकसर करायची ती कणीक भिजवण्यापूर्वी. आमची सौभाग्यवती रोज सकाळी प्रत्येकाला पोळ्यांची संख्या विचारते. नव्या सुनेला आरंभी हा कंजूषपणा वाटला. दोन महिन्यांनी तीच विचारू लागली. तरीही दोन-तीन उरल्याच, तर सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर दाबून, ओलावा पूर्ण जाईपर्यंत शेकून त्यांचे खाखरे होतात.

बटाटा वर्ज्य असल्याने आपल्याकडे कच्ची केळी फार. त्यांची साल आम्ही टाकत नाही. ती वाफवून, बारीक चिरून, तीळ-खोबऱ्यात परतली की उत्तम तोंडीलावणे होते. दोडक्याच्या शिरांची चटणी सर्वांना ठाऊक आहेच. उरलेल्या ताकाची कढी करायची, तर द्विदलाचा दोष टाळण्यासाठी ताक आधी तापवून मगच बेसन घालावे. तूप कढवल्यावर उरणारी बेरी कणकेत मळली, तर पोळी खुसखुशीत होते. माझे वडील लग्नाच्या पंगतीतही थाळी धुऊन ते पाणी पीत. आम्हा मुलांची मान खाली जाई. हल्ली भोजनसमारंभात उष्ट्याची भरलेली पिंपे पाहिली की ती खाली गेलेली मान आठवते.

आता पुन्हा त्या डब्यांकडे येतो. त्याच पर्युषणात सौभाग्यवतीने अठाई करण्याचे ठरवले. प्रभावनेत काय द्यावे, असा प्रश्न निघताच तिने आपल्या सुती साड्या बाहेर काढल्या आणि पिशव्या शिवण्याचा बेत सांगितला. माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. ते म्हणाले, "वापरलेले कापड कुणी प्रभावनेत देते का? लोक म्हणतील, पेन्शन पुरत नाही."

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. रात्री मी तिला चांदीचा मुलामा दिलेल्या वाट्यांचा भाव सांगितला. तिने एवढेच विचारले, "माळ्यावर जागा आहे का?"

श्रावणात सासू-सुना मिळून शिवणयंत्रावर बसल्या. एका साडीतून दहा-बारा पिशव्या निघत. चौदा साड्यांतून दीडशेहून अधिक झाल्या. प्रत्येकीत उन्हाळ्यात वाळवलेल्या आणि नंतर भाजलेल्या खरबुजाच्या बियांचा मुखवास कागदी पुडीत घालून ठेवला. पारण्याच्या दिवशी त्या वाटताना माझी नजर देण्यापेक्षा घेणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरच अधिक होती. काहींनी आतबाहेर पाहून "आणखी काही नाही का?" असे हसत विचारले. एका वृद्ध श्राविकेने मात्र काठ ओळखला. "ही साडी तुम्ही प्रतिष्ठेच्या वेळी नेसला होतात," असे म्हणून तिने सौभाग्यवतीचा हात बराच वेळ धरून ठेवला.

भाजी मंडईत त्यांतील चार-पाच पिशव्या मला आजही दिसतात. बंधूंना हा प्रकार पटलेला नाही. त्यानंतर त्यांच्या नातीने अठाई केली, तेव्हा त्यांनी डबेच वाटले. आम्ही ते आदराने स्वीकारले. माळ्यावर आता अठरा झाले आहेत.