बँकवाल्या आपा

खेडच्या बाजारपेठेत कुठल्याही वयस्कर बाईला ‘बँकवाल्या आपा कुठे राहतात?’ असे विचारा. ती नुसते बोट दाखवणार नाही, दारापर्यंत आणून सोडेल. मलाही तसेच सोडले. आपा आता पंच्याहत्तरीला टेकल्या आहेत. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून नमाज खुर्चीवर बसून पढतात. पण हिशेब अजून तोंडी करतात. चहा ठेवता ठेवता त्यांनी एक अट घातली, ‘लिहायचे ते लिही, पण नाव छापू नकोस. नाव आले की माणसे फक्त चांगलेच सांगतात.’ म्हणून या लेखात त्या फक्त आपा आहेत.

१९७३ ते २०११ अशी अडतीस वर्षे आपांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांत भराभर शाखा उघडल्या. माणसांची गरज होती. आपा बी.कॉम. झालेल्या, नुकतेच लग्न झालेले. शौहर उर्दू हायस्कुलात शिक्षक. त्यांनीच अर्ज आणून दिला. घरात मात्र वादळ उठले. बाईने नोकरी करावी की नाही हा एक प्रश्न, आणि बँकेत करावी का हा त्याहून मोठा.

व्याजाचा प्रश्न

सासरे पाच वक्ताचे नमाजी. त्यांनी दोन-तीन आलिमांना विचारले. एकाने साफ मनाई केली. दुसऱ्याने सांगितले की व्याजाचा व्यवहार थेट हाताने लिहावा लागत नसेल आणि गरज असेल तर सवलत निघू शकते. आपा सांगतात, ‘मी दोन्ही ऐकले आणि रात्रभर जागी राहिले. घरात पाच नणंदा-दीर शिकायचे होते. एका मास्तराच्या पगारात भागत नव्हते.’

शेवटी सासूबाई बोलल्या. अक्षरओळख नसलेली बाई. म्हणाल्या, ‘हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या. कमावणे गुन्हा नाही. बँकेत काय करायचे नि काय नाही, ते हिला कळते.’ आपांनी मार्ग काढला. जमेल तितका काळ त्यांनी रोकड, ड्राफ्ट आणि टपाल या टेबलांवर काम मागून घेतले, कर्जाचे टेबल टाळले. स्वतःच्या खात्यावर जमा झालेले व्याज त्या वेगळ्या वहीत लिहीत आणि सवाबाची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकत. ती वही आजही कपाटात आहे.

‘मग मन शांत झाले का?’ मी विचारले.

‘पूर्ण नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पुढे अधिकारी झाले तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करावीच लागली. मी मुफ्ती नाही. अल्लाहसमोर जे सांगायचे ते मलाच सांगायचे आहे. पण जे केले ते डोळे उघडे ठेवून केले.’ उत्तर सोपे करून सांगायचा मोह त्यांना झाला नाही, हे मला महत्त्वाचे वाटले.

ईदच्या तोंडावरची क्लोजिंग

पहिली पाच वर्षे शाखा चिपळूणला होती. सकाळच्या एसटीने लोटे, परशुराम घाट करत जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. पहाटे फजरनंतर चूल पेटे. तांदळाच्या भाकऱ्या, मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधे. बाळंतपणाची रजा तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. आज कायद्याने सव्वीस आठवडे मिळतात, तीही २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर. थोरल्या मुलाला तीन महिन्यांचा असताना सासूबाईंच्या मांडीवर ठेवून आपा एसटीत चढल्या. ‘खिडकीतून मागे बघितले नाही. बघितले असते तर उतरले असते.’

१९७८ मध्ये खेडची शाखा मिळाली. पण ‘क्लोजिंग’ सुटली नाही. कॉम्प्युटर नव्हते. ३० जून आणि ३१ डिसेंबरला प्रत्येक खात्याचे व्याज हाताने काढायचे, लेजरची बेरीज ताळ्याशी जुळवायची. पाच पैशांचा फरक राहिला तरी कुणी घरी जायचे नाही. १९८४ साली रमजान जूनमध्ये आला आणि ३० जूनची क्लोजिंग ईदच्या अगदी तोंडावर पडली. बाहेर मुसळधार पाऊस, जगबुडी फुगलेली. आपांनी खजूर आणि पाण्यावर शाखेतच रोजा सोडला. शिपाईकाकांनी कोपऱ्यातले रेकॉर्डचे गठ्ठे बाजूला करून मगरीबपुरती जागा करून दिली. ढगांत चंद्र कुठला दिसणार! बातमीसाठी कुणीतरी रेडिओ आणला. एक आकडा रात्री दहाला सापडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

घरी आल्या तर शौहर शीरखुर्म्याचे बदाम सोलत बसले होते आणि धाकट्या मुलीच्या हाताला मेंदी त्यांनीच लावली होती. वेडीवाकडी, पण लावली होती. मासे साफ करायलाही ते शिकले. मोहल्ल्यात चेष्टा झाली. ते हसून एवढेच म्हणत, ‘आपले नबी (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, चपला दुरुस्त करत. मग माझी काय शान जाते?’ मरहूम शौहरांबद्दल बोलताना आपांचा आवाज प्रथमच जड झाला.

ड्राफ्ट कोणाच्या नावाने?

त्या काळात कोकणातले पुरुष आखातात चालले होते. दुबई, कुवेत, दम्माम. रजिस्टर टपालाने ड्राफ्ट यायचे. ड्राफ्ट सासऱ्याच्या किंवा जेठाच्या नावाचा, आणि ज्याचा नवरा तिकडे वाळवंटात राबतो, ती बाई इकडे मीठ-मिरचीलाही हात पसरते. आपा रोज काउंटरच्या जाळीमागून हे बघत होत्या.

पहिले खाते त्यांनी आपल्या सासूबाईंचे उघडले, अंगठ्यावर. मग एकेक बाई येऊ लागली. दुपारी दोनला व्यवहार बंद झाला की आपा डबा खाता खाता फॉर्म भरून द्यायच्या, पासबुक कसे वाचायचे ते दाखवायच्या. बायकांना सांगायच्या, ‘नवऱ्याला पत्र लिही. घरखर्चाचा ड्राफ्ट सासऱ्यांच्या नावाने येऊ दे, त्यांचा मान राहू दे. पण एक लहानसा तुझ्या नावाने येऊ दे.’ व्याजाचे विचारले की म्हणायच्या, ‘ते तुझ्या मौलानांना विचार. पण मुद्दल तर तुझीच आहे ना?’

काही सासरे भांडायला आले. ‘आमच्या सुनांना फितवता,’ अशी तक्रार वर गेली. साहेबांनी बोलावून समज दिली की कामाच्या वेळेत समाजसेवा नको. आपांनी कामाची वेळ सोडली, काम सोडले नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. तिथले हजारो भारतीय जॉर्डनमार्गे विमानांनी मुंबईत आणले गेले. त्यात कोकणची माणसेही होती. वर्षानुवर्षे कमावून हातात एक पिशवी. कुवेतच्या बँकेतले पैसे अडकले, मालकाकडचा पगार बुडाला. त्या पावसाळ्यात आपांच्या काउंटरवर एक बाई आली, सोबत दाढी वाढलेला, गप्प झालेला नवरा. तिने पासबुक पुढे केले. दहा-बारा वर्षांत थोडे थोडे करून साठलेले पैसे होते. नवऱ्याला त्याचा नीटसा अंदाजच नव्हता. त्या पैशांतून त्यांनी बाजारात दुकानाचा गाळा घेतला. ‘ते दुकान अजून आहे,’ आपा म्हणाल्या. कुठले ते मात्र सांगितले नाही.

जे निसटले

कथा इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण आपांची मुलगी शेजारीच बसली होती आणि तिचेही ऐकायला हवे.

१९८६ मध्ये आपा अधिकारीपदाची परीक्षा पास झाल्या. बढती म्हणजे बदली. त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. आपांनी नकार लिहून दिला. तीन वर्षे त्यांचे सगळे केले. ज्या बाईने आपले मूल मांडीवर घेतले तिचा हा हक्क होता, असे त्या म्हणतात. १९९४ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, पुन्हा परीक्षा दिली आणि कऱ्हाडजवळच्या एका गावी गेल्या. शनिवारी अर्धा दिवस भरला की कुंभार्ली घाटाने घरी, सोमवारी पहाटे परत. त्याच वर्षी मुलगी दहावीला होती.

‘माझा भूमितीचा पेपर वाईट गेला त्या रात्री अम्मी नव्हती,’ मुलगी म्हणाली. ‘मला फार राग होता. कितीतरी वर्षे होता. बँकेतल्या सगळ्या बायकांची आपा होती, माझी अम्मी फक्त रविवारी.’

आपा काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘ती खरे सांगते. लोक विचारतात, दोन्ही कसे सांभाळले? सांभाळले नाही. कधी हे हातातून सुटले, कधी ते. उचलायला घरातली माणसे होती, म्हणून फुटले नाही.’

मुलगी आज स्वतः शाळेत शिकवते. तिची मुले आपांनीच वाढवली.

तांदळाच्या डब्यातले पैसे

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आपांच्या दारात मोहल्ल्यातल्या बायका उभ्या. कुणी तांदळाच्या डब्यातून, कुणी रजईच्या खोळीतून काढलेल्या नोटा. नवऱ्याला, मुलाला माहीत नसलेले पैसे. पासष्ट वर्षांच्या आपा त्यांच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि स्लिपा भरून दिल्या. ‘एवढी वर्षे सांगून अजून डब्यातच!’ असे त्या रागावल्याही.

निघताना मी विचारले, वाचकांना काय सांगू? आपांनी बोटांवर मोजून सांगितले. एक, घरातल्या प्रत्येक बाईचे तिच्या एकटीच्या नावाचे खाते असू द्या. सूरह निसाने स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क मान्य केला आहे, आपण खात्यावर तिचे नाव लिहायला कचरतो. दोन, मेहेर निकाहनाम्यातच ठेवू नका, तिच्या हातात द्या. तीन, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण ते वारसांचे असतात. मुले असतील तर बेवेचा आठवा हिस्सा आहे आणि मुलींचा हिस्साही ठरलेला आहे. भावाने नॉमिनी म्हणून पैसे उचलले आणि बहिणींना दिले नाहीत, तर तो दुसऱ्याचा हक्क खातो. ‘व्याजाबद्दल आपल्याकडे सगळे विचारतात,’ आपा म्हणाल्या, ‘बहिणीच्या हिश्शाबद्दल अडतीस वर्षांत मला फार थोड्यांनी विचारले.’

असरची अजान झाली. आपांनी खुर्ची किबल्याकडे वळवली. मुलगी उठून वजूचे पाणी घेऊन आली.