मोटारींतला जुना पहारेकरी

गेल्या मार्गशीर्षांत एके पहाटे आमच्या वडील बंधूंच्या छातींत कळा येऊं लागल्या. चिरंजीवांनीं मोटारीची किल्ली फिरविली. दिवे लागले, परंतु यंत्र हूं कीं चूं करीना! अखेर शेजाऱ्यांच्या गाडीनें निभावलें. दोष निघाला तो वीस वर्षांपूर्वीं बाहेरून बसवून घेतलेल्या चोरसूचक भोंग्याचा.

ती पेटी उपटून टाकली कीं झालें, अशी आमची समजूत; संस्कृताच्या शिक्षकास रिले काय ठाऊक? वास्तविक ती बसवितांना स्टार्टरची मूळ तार मध्येंच कापून दोन्ही टोंकें रिलेमधून नेलेलीं असतात. पेटी काढली तरी तार तुटलेलीच राहते. क्वचित् इग्निशनची वा पेट्रोलपंपाची तारहि अशीच कापलेली आढळते.

म्हणून प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. मग किल्लीच्या कुलपाखालीं एकाच रंगाचीं व जाडीचीं कापलेलीं टोंकें शोधून डाख देऊन जोडावीं आणि वर वेष्टन चढवावें. व्याकरणांतल्या संधीइतकाच हा सांधाहि निर्दोष हवा. नुसता पीळ हादऱ्यानें सुटतो. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनाच्या तारांना मात्र स्पर्श करूं नये.

आमच्या कारागिरास दोन तास लागले. बंधु आतां बरे आहेत. पहिली किल्ली त्यांनींच फिरविली.