हिरवी पट्टी आणि 4 हेक्टर

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि आज बोलणार आहोत जावाच्या युनिट टेस्टिंगवर. काही जण हसताहेत, ते बरोबरच आहे. निवृत्तीनंतर घरी पोरं यायला लागली, चंद्रपूरची, गडचिरोलीची, संगणक शिकणारी. त्यांच्यासोबत बसून आम्हीही थोडं शिकलो. त्यातलं जे कामाचं वाटलं, तेच आज सांगतो.

सरावासाठी आम्ही एक छोटा प्रोग्राम घेतला होता. तो सरकारी नव्हे, फक्त आमचा सराव. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा भरायचा आणि सर्व्हरने सांगायचं की दावा बसतो का, आणि किती क्षेत्रापुरता. आपल्या दोन जिल्ह्यांत याचा अर्थ सांगायला नको. एक अट चुकीची लिहिली, तर एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचा प्रश्न होतो.

सर्व्हरच्या बाजूला म्हणजे काय, तर ब्राउझरमध्ये दिसतं ते नव्हे, त्यामागे बसून जे निर्णय घेतं ते. ब्राउझरमधली तपासणी कुणीही बंद करू शकतो. निर्णय सर्व्हरवरच व्हायला हवा, म्हणून चाचणीही त्याचीच हवी.

आता मांडणी. एक्लिप्स उघडा, मेव्हन प्रोजेक्ट करा. मूळ कोड राहतो एसआरसी-मेन-जावा या फोल्डरात, चाचण्या राहतात एसआरसी-टेस्ट-जावा मध्ये. पॉम फाइलमध्ये जेयुनिट-जुपिटर ही डिपेन्डन्सी घाला आणि तिचा स्कोप टेस्ट ठेवा, म्हणजे ती सर्व्हरवर चढणाऱ्या अंतिम पॅकेजमध्ये जात नाही. मग फाइल, न्यू, जेयुनिट टेस्ट केस. चालवायला राइट क्लिक, रन अ‍ॅज, जेयुनिट टेस्ट. सगळं जुळलं तर हिरवी पट्टी, कुठं बिघडलं तर लाल. जेयुनिट 1997 साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी विमानप्रवासात लिहायला घेतलं. पुढे गामा एक्लिप्सच्या जावा साधनांच्या कामात अग्रभागी होते, म्हणून ही पट्टी एक्लिप्समध्ये अशी घरच्यासारखी बसलेली दिसते.

एक अडचण मात्र आपल्याकडचीच. मेव्हन पहिल्यांदा सगळ्या लायब्ररी नेटवरून उतरवतं. धानोऱ्याकडे, भामरागडकडे नेटवर्क कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मग काय करायचं? जिथं नेट आहे तिथं प्रोजेक्ट एकदा पूर्ण चालवून घ्यायचा, चाचण्यांसकट. घरच्या फोल्डरात डॉट-एम-टू नावाचा एक फोल्डर तयार होतो, तो पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि दुसऱ्या मशीनवर त्याच जागी ठेवायचा. नंतर मेव्हन ऑफलाइन चालवायचं, एमव्हीएन उणे-ओ टेस्ट. आमच्या पोरांचं काम यावरच निभावलं.

दुसरं, आपण चाचण्यांना मराठी नावं देणार आहोत. का, ते पुढं येईल. जेयुनिट 5 मध्ये डिस्प्लेनेम नावाची खूण आहे, तिच्यात अख्खं मराठी वाक्य लिहिता येतं. पण एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा, एक्लिप्समध्येही आणि पॉममध्येही. नाहीतर ओळीभर प्रश्नचिन्हं दिसतील.

आता खरी गोष्ट. पोरांनी पहिल्या चाचण्यांसाठी अख्खा सर्व्हर उठवला, डेटाबेस जोडला. एक चाचणी चालवायची तर चहा होऊन जायचा. ही युनिट टेस्ट नव्हे. नियम आहे तो एका साध्या क्लासमध्ये काढा, ज्याला टॉमकॅट काय, डेटाबेस काय, ठाऊकच नाही. डेटाबेसमधून काही लागतच असेल, तर मॉकिटो वापरून त्या जागी बदली गडी उभा करा, जो ठरवून दिलेलंच उत्तर देतो. मग शंभर चाचण्याही डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतात, आणि माणूस त्या खरोखर चालवतो.

नियम बघा. कायदा म्हणतो, ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा हवा. जावात लोकलडेट आहे, तिची इज-बिफोर ही पद्धत बरोबर हेच विचारते. म्हणून दोन चाचण्या: 12 डिसेंबर, बसतो, 13 डिसेंबर, बसत नाही. चूक होते ती काठावर. 1990 किंवा 2015 तपासून काहीच कळत नाही.

क्षेत्राचं तसंच. पोरांनी हेक्टर डबल या प्रकारात ठेवले होते. दोन तुकडे, 1.1 आणि 2.2. बेरीज आली 3.3000000000000003. संगणक दशांश द्विमान पद्धतीत ठेवतो, तिथं ही गळती होते. आम्ही सगळं चौरस मीटरमध्ये पूर्णांकात नेलं. 4 हेक्टर म्हणजे 40000. वाद मिटला.

आणि मग आम्ही सगळेच फसलो. चाचणी होती, "5 हेक्टर ताबा असेल तर दावा नामंजूर". कोड तसाच, चाचणी तशीच, पट्टी हिरवीगार. त्या दिवशी वनहक्क समितीत काम केलेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांना कोड येत नाही, पण चाचण्यांची मराठी नावं पडद्यावर होती, ती त्यांनी वाचली. म्हणाल्या, "सर, पाच हेक्टर असन तं दावा कटत नाही. चार भेटते." कायदा उघडून पाहिला. बाईंचंच बरोबर. 4 हेक्टर ही मंजुरीची कमाल मर्यादा आहे, अपात्रतेची अट नव्हे. आम्ही चाचणी बदलली, अपेक्षित उत्तर 40000. पट्टी लाल झाली. मग कोड दुरुस्त केला.

पोरांनी कोड पाहून चाचणी लिहिली होती, म्हणून चाचणीने कोडचीच री ओढली. कोड आपल्या समजुतीशी जुळतो एवढंच हिरवी पट्टी सांगते. समजूतच चुकली असेल तर तिच्या ते गावीही नसतं. म्हणून अपेक्षित उत्तर कायद्यातून आणा, ते काम करणाऱ्या माणसाकडून आणा, आणि चाचणीचं नाव त्याला वाचता येईल असं ठेवा.

बाईंनीच दुसरा प्रश्न टाकला, सामूहिक दाव्याचं काय? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आमचा प्रोग्राम त्यांना 4 हेक्टर देऊन मोकळा झाला असता! ती मर्यादा वैयक्तिक ताब्यातल्या जमिनीला आहे, सामूहिक हक्काला नाही. आता आमच्याकडे मेंढ्याच्या नावाची एक चाचणी आहे. तसंच 75 वर्षांच्या वास्तव्याची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे, अनुसूचित जमातींना नाही. माडिया, गोंड कुटुंबाकडे 75 वर्षांचा पुरावा मागणारा कोड लिहिणं किती सोपं आहे बघा, एक इफ विसरला की झालं.

आता थोडं आमच्या विषयातलं, सहन करा. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे प्रमाण मानतात. घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट घालतात, योग्य अनुपलब्धी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. मेव्हनमध्ये ही अंधारी खोली प्रत्यक्ष भेटते. चाचण्या चालवणारा श्युअरफायर हा प्लगइन 2.22 च्या आधीचा असेल, तर त्याला जुपिटरच्या चाचण्या दिसतच नाहीत. तो लिहितो, चाचण्या 0, बिल्ड यशस्वी. एक्लिप्समध्ये मात्र त्याच चाचण्या चालतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. तेव्हा यशस्वी हा शब्द वाचण्याआधी आकडा वाचा, बरं का.

आणि प्रत्येक नवी चाचणी एकदा लाल होताना पाहा. 40000 च्या जागी मुद्दाम 40001 करा, इज-बिफोर उलटवा. तरीही पट्टी हिरवीच राहिली, तर ती चाचणी झोपलेली आहे, तिला काढा किंवा जागं करा.

डेटाबेसला धरून करायच्या चाचण्या पुढच्या वेळी घेऊ. येताना डॉट-एम-टू फोल्डर भरून आणा.