पिस्तूल देखणं हवं की भरवशाचं? पैसे मोजण्याआधी हे तपासा

परवाना हाती आला की दुकानात नजर आधी जाते ती पिस्तुलाच्या चकाकीवर. पण फिनिशिंग चांगलं म्हणजे हत्यार भरवशाचं, असं नाही.

९ एमएम प्रतिबंधित बोअर असल्याने छोट्या पिस्तुलात बहुतेकांना .३२ बोअरच घ्यावं लागतं. या काडतुसाची मागची कड किंचित बाहेर असते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, की ऐनवेळी गोळी पुढे सरकतच नाही. मॅगझीनची स्प्रिंग ढिली किंवा तोंडाच्या कडा वाकलेल्या असल्या तरी तीच गत.

वरचे ओरखडे, खरखरीत मूठ चालून जाते. स्लाइडला तडा, सैल सेफ्टी मात्र अजिबात नको. तिथे बांधणीच महत्त्वाची.

काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते, म्हणून अनेकजण चाचणीच टाळतात. ही काटकसर महागात पडते. अधिकृत रेंजवर प्रत्येक मॅगझीन, नेहमीच्याच काडतुसांनी चालवून पाहावी.

रिव्हॉल्वरमध्ये गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची येते. पिस्तुलात स्लाइड हाताने ओढावी लागते. स्वस्तात घेताना हाही हिशेब धरावा.