दुवा आणि त्याची दुसरी वाट

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग महाड मागें टाकून पोलादपुरास पोहोंचतो. तेथून एक वाट कशेडीकडे जाते, दुसरी आंबेनळी घाटानें महाबळेश्वर गांठते. नाक्यावरची पाटी स्वतः कोठेंहि जात नाहीं. ती केवळ वाट दाखविते. परंतु दरड कोसळून घाट बंद पडला, म्हणजे दुसरी वाट न सांगणारी पाटी निरुपयोगी ठरते. मोबाइलमधील दुवा, अर्थात् लिंक, ही अशीच एक पाटी होय.

आज कंपन्या, बँका व शिक्षणसंस्था माहितीपुस्तिका, नकाशे व चित्रफिती विनामूल्य प्रसिद्ध करितात. हें साहित्य बहुधा त्यांच्या ॲपमध्यें असतें, आणि त्याचा दुवा आपणांस व्हॉट्सॲपवर मिळतो. बालभारतीच्या पुस्तकांच्या आरंभीं छापलेला क्यूआर कोडहि दुवाच आहे. २०१७ सालीं सुरू झालेल्या दीक्षा ॲपमधील पाठ्यसाहित्याकडे तो नेतो.

एका ॲपमधून दुसरें कसें उघडतें? पूर्वीची रीत अशी, कीं प्रत्येक ॲपनें आपलें एक खास नांव फोनपाशीं नोंदवावें, व दुव्याच्या आरंभीं तें नांव लिहावें. हींत दोन दोष होते. तें ॲप फोनमध्यें नसल्यास दुवा मुका राही. आणि तेंच नांव दुसऱ्या ॲपनेंहि घेतल्यास हांकेला परकाच ओ देई.

२०१५ सालीं अँड्रॉइड व आयफोन या दोहोंवर निराळी रीत आली. हींत दुवा म्हणजे संस्थेच्या संकेतस्थळाचा साधा पत्ताच असतो. ‘अमुक ॲप आमचें आहे’ असें सांगणारी एक लहानशी नोंद संस्था आपल्या संकेतस्थळावर ठेविते. फोन ती नोंद पडताळून पाहतो व जुळल्यास थेट ॲपमधील नेमकें पान उघडतो. ॲप नसेल, तर तोच पत्ता ब्राउझरमध्यें उघडतो. एक घाट बंद, तर दुसरा मोकळा!

मात्र पाटी परक्याच्या जागेंत उभारणें धोक्याचें असतें. गूगलच्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स या विनामूल्य सेवेनें बनविलेले दुवे अनेकांनीं वांटले होते. २५ ऑगस्ट २०२५ रोजीं ती सेवा बंद झाली. संदेशांत धाडलेला वा कागदावर छापलेला दुवा मागाहून बदलतां येत नाहीं. म्हणून तो स्वतःच्याच पत्त्यावर असावा.

हा विषय आमच्या मुलखास क्षुल्लक नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर वेढलें, व त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. अशा वेळीं नेटवर्क क्षीण असतें, फोनची बॅटरी संपत आलेली असते. इशाऱ्याचा दुवा उघडावा आणि त्यानें ‘प्रथम आमचें ॲप उतरवून घ्या’ म्हणावें, तर तो इशारा फुकट असूनहि कोणाच्या उपयोगी पडणार?

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्हींहि असें साहित्य प्रसिद्ध कराल. तेव्हां आपला दुवा ॲप नसलेल्या साध्या फोनवर एकदां उघडून पाहा. पालकहो, आपणहि अनोळखी दुव्यास बोट लावण्यापूर्वीं पत्ता कोणाचा आहे, तें वाचून पाहावें. दान द्यावयाचें, तर दाराची कडीहि काढून ठेवावी, असें आम्हांस वाटतें.