आधी रिमोट, मग बोट

मराठीत ‘ती बोट’ पाण्यात चालते आणि ‘ते बोट’ आपल्या हाताला असतं. या धड्यात दोन्ही येणार आहेत, कारण ती बोट चालू करताना ते बोट सांभाळावं लागतं!

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या बोटीला मुख्य बटणं दोनच. एक हातातल्या रिमोटवर आणि दुसरं बोटीत. दोन्ही चालू केली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे फार महत्त्वाचं आहे.

आधी बोटीच्या आत डोकावून बघू. रिमोट जे सांगतो ते रिसीव्हर ऐकतो. त्याप्रमाणे सर्व्हो नावाची छोटी मोटर सुकाणू वळवते. स्पीड कंट्रोलर बॅटरीतली वीज मोठ्या मोटरला कमी-जास्त देतो आणि पंखा फिरतो. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर अशीच एक बोट वायरशिवाय चालवून दाखवली होती. आजच्या बोटी खूप सुधारल्या, पण मूळ कल्पना तीच आहे.

आता समजा, रिमोट बंद आहे आणि तुम्ही बोट चालू केली. रिसीव्हर जागा झाला, पण त्याला सांगणारं कोणीच नाही. जुन्या पद्धतीचे रिसीव्हर अशा वेळी हवेतली भलतीच लहर ऐकायचे. मग सुकाणू थरथरायचं किंवा पंखा अचानक फिरायचा. त्या वेळी बोट जर पंख्याजवळ असेल, तर जखम होणारच.

म्हणून नियम गुराख्याचा लक्षात ठेवा. गोठ्याचं दार उघडण्याआधी गुराखी तिथे उभा हवा. संध्याकाळी सगळी गुरं बांधून झाली की मगच तो घरी जातो. आपला रिमोट म्हणजे गुराखी. तो सगळ्यात आधी चालू करायचा आणि सगळ्यात शेवटी बंद करायचा.

पूर्वी आणखी एक अडचण होती. एकाच चॅनेलवर दोन रिमोट लागले, तर एकाची बोट दुसऱ्याच्या रिमोटमुळे भरकटायची. म्हणून क्लबमध्ये तळ्याकाठी एक फळी असायची आणि तिच्यावर चॅनेलच्या नंबरांचे चिमटे. तुमच्या नंबरचा चिमटा तुमच्या हातात असेल, तरच रिमोट चालू करायचा. आज बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि रिसीव्हर फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतो. मग क्रम कशाला पाळायचा? कारण संपर्क तुटल्यावर मोटर थांबवणारी सोय, म्हणजे ‘फेलसेफ’, नीट लावलेली असेलच असं नाही. ती तपासायला बोट स्टँडवर ठेवा, हात लांब ठेवा, पंखा हळू फिरवा आणि रिमोट बंद करा. पंखा थांबला पाहिजे.

काही खेळण्यांच्या बोटींत मात्र बोट आधी चालू करायला सांगतात. तसं असेल तर सोबतच्या माहितीपत्रकाचंच ऐका.

बंद करतानाही एक गंमत आहे. स्पीड कंट्रोलरवरचं छोटं बटण बंद केलं, तरी बऱ्याच संचांत बॅटरी त्याला जोडलेलीच राहते आणि थोडी थोडी वीज जात राहते. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी खराब होते आणि पुन्हा चार्ज करणं धोक्याचं ठरतं. म्हणून घरी निघताना बॅटरीची पिनच काढायची. नुसत्या बटणावर विसंबून राहायचं नाही.

चालू करताना
१. बोट स्टँडवर ठेवा. पंख्याजवळ हात, केस, ओढणी काही नको.
२. रिमोटची दांडी ‘थांबा’वर आहे ना, ते बघा.
३. रिमोट चालू करा.
४. बॅटरी जोडा आणि बोट चालू करा.
५. सुकाणू डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. मगच बोट पाण्यात सोडा.

बंद करताना
१. पंखा थांबवून बोट पाण्याबाहेर घ्या.
२. बोट बंद करा आणि बॅटरीची पिन काढा.
३. शेवटी रिमोट बंद करा.

विचार करा आणि सांगा
१. रिमोटला गुराखी का म्हटलं आहे?
२. छोटं बटण बंद केलं, तरी बॅटरीची पिन का काढायची?
३. ‘ती बोट’ आणि ‘ते बोट’ हे दोन्ही शब्द येतील असं एक वाक्य तयार करा.