मागणीनुसार दूरध्वनी-जोडणी : घरगुती कार्यालयातील सर्व्हरचा एक प्रश्न

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट-सेवा सुरू केली. सामान्य ग्राहकास ती घरच्या दूरध्वनीच्या तारेवरूनच मिळे. ही तार मुळात मानवी आवाजासाठी, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यासाठी योजलेली. संगणकाचे संकेत त्या पट्ट्यात बसविण्याचे काम मोडेम करी. यास्तव संगणक बोलू लागला की घरातील माणसांचे बोलणे थांबे. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

उदाहरणादाखल पनवेलमधील त्या काळातील एक घरगुती कार्यालय कल्पावे. दोन-तीन संगणक, त्यांना जोडणारा एक सर्व्हर, आणि कुटुंब व व्यवसाय या दोहोंसाठी एकच दूरध्वनी. सर्व्हरने सदैव तार धरून ठेवणे परवडणारे नसे. म्हणून बाहेर जाणारे पहिले पाकीट येताच क्रमांक फिरवावयाचा, जोडणी साधावयाची आणि काही काळ वाहतूक न झाल्यास ती तोडावयाची, अशी योजना केली जाई. हीच मागणीनुसार जोडणी होय.

परंतु प्रत्येक पाकीट म्हणजे माणसाची मागणी नव्हे. संगणक घड्याळ जुळवू पाहतो, एखाद्या नावाचा पत्ता विचारतो, शेजारच्या यंत्रांचा शोध घेतो. अशा क्षुल्लक पृच्छांनी मध्यरात्रीही क्रमांक फिरविला जाई, किंवा रिकामी जोडणी जागी राही. म्हणून कोणत्या पाकिटासाठी तार उघडावी आणि कोणते पाकीट वाहतूक म्हणून मोजावे, हे गाळणीच्या नियमांनी आधीच ठरवावे लागे.

याहून अवघड प्रश्न जोडणी केव्हा तोडावी हा होता. आकारणी अखंड कालमानाने होत असेल आणि प्रत्येक नव्या जोडणीस ठरावीक खर्च येत असेल, तर एक साधा नियम सिद्ध करता येतो: रिकाम्या वेळेचा खर्च नव्या जोडणीच्या खर्चाइतका होईपर्यंत थांबावे व मग तोडावे. भविष्य अचूक जाणणाऱ्याच्या खर्चापेक्षा हा खर्च दुपटीहून अधिक कधीच होत नाही.

दूरध्वनीचे देयक मात्र अखंड कालावर नसून एककांवर आकारले जाई. एक एकक तीन मिनिटांचे धरल्यास, सत्तराव्या सेकंदास तोडलेली जोडणी एकशेविसाव्या सेकंदास पुन्हा साधावी लागली की दुसरे एकक पडे. वस्तुतः पहिल्याचा वेळ अद्याप शिल्लकच असे. अर्थात येथे एकक संपण्याच्या किंचित आधी तोडणे हेच हिताचे. उलट इंटरनेट-खाते तासांवर घेतलेले असे. वर्षास ५०० तास म्हणजे दिवसास सुमारे ८२ मिनिटे. हा हिशेब रिकामी जोडणी तत्काळ तोडण्यास सांगे. दोन मापकांचे सल्ले असे परस्परविरोधी होते.

त्यात कोकणचा पावसाळा. तांब्याच्या तारेच्या सांध्यांत ओल शिरली की खरखर वाढे, जोडणी मध्येच तुटे आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नास नवे एकक पडे. मोडेमची कमाल गती मुद्दाम कमी ठरविणे आणि दोन प्रयत्नांत सक्तीची विश्रांती ठेवणे, हे त्यावरील उपाय होत.

तथापि एक खर्च कोणत्याच देयकात दिसत नसे. सर्व्हरने तार अडविली असता बाहेरून आलेला दूरध्वनी परत जाई. तो गिऱ्हाईकाचा होता की आजारी आप्ताच्या घरचा, हे कोणास कळत नसे. केवळ पैशाचा हिशेब करणारा नियम म्हणूनच अपुरा ठरतो. पत्रे साठवून ठरलेल्या वेळी एकदम पाठविणे हा मार्ग त्यामुळे श्रेयस्कर ठरे. दिवसभरात विखुरलेली वीस पत्रे वीस एककांऐवजी चार ठरावीक वेळांत चार एककांत जात, २८.८ किलोबिटच्या गतीने, जोडणीचा अर्धा मिनिट वगळूनही, एका एककात सुमारे पाच लाख बाइट मावतात. शिवाय तार केव्हा अडलेली असेल हे घरच्यांना व बाहेरच्यांना आधीच सांगता येई.

भारत संचार निगमाने २००५ मध्ये ब्रॉडबँड-सेवा सुरू केली. तीत आवाज खालच्या व संकेत वरच्या कंप्रतांवर वाहू लागल्याने एकाच तारेवरील हा कलह मिटला. प्रश्न मात्र लोपला नाही. मोबाइल यंत्रानेही रेडिओ-जोडणी किती वेळ जागी ठेवावी, हे ठरवावेच लागते. तेथे देयकाची जागा विद्युत्घटाने घेतली आहे. सामाईक व मर्यादित साधनाच्या व्यवस्थापनात मापक काय मोजतो याइतकेच तो काय मोजत नाही याकडेही लक्ष द्यावे लागते, हा या जुन्या योजनेचा बोध होय.